दोन बादल्या, चार पिशव्या

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं शिक्षण ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी शिकले ती आजीकडून आणि थर्ड लँग्वेजच्या तासाला. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालाव्यात, ही नम्र विनंती. हा लेख इंग्लिश सेक्शनला देतेस का, असं संपादक मंडळाने विचारलं होतं. पण ज्या मावशींमुळे तो सुचला त्या इंग्लिश सेक्शन वाचत नाहीत, म्हणून मराठीतच लिहायचा हट्ट धरला.

गोष्ट फर्स्ट इयरची. हॉस्टेलवर आमच्या मजल्यावरची एक मुलगी प्लास्टिकच्या बादलीत पाणी तापवायची कॉइल लावून खाली नाश्त्याला गेली आणि विसरली. पाणी आटलं, बादली वितळली, शेजारची गादी पेटली. कॉरिडॉरभर काळा धूर! आम्ही सगळ्या किंचाळत जिने उतरलो आणि ग्राउंडवर जाऊन उभ्या राहिलो. मी येताना मोबाईल आणला, सबमिशनचं जर्नल आणलं. पण शेजारच्या खोलीचं दार मात्र वाजवलं नाही. त्या खोलीत एक मैत्रीण तापाने फणफणून झोपली होती. आणि मला ते माहीत होतं. आदल्या रात्री मीच तिला तापाची गोळी नेऊन दिली होती.

आग विझवली ती मेसच्या मावशींनी. त्यांनी आधी मेन स्विच पाडला, मग भिंतीवरच्या त्या लाल बादल्यांतली वाळू गादीवर ओतली (ज्यांत आम्ही वेफर्सची पाकिटं टाकायचो त्याच बादल्या). मग प्रत्येक दार ढकलून बघितलं आणि त्या मुलीला हाताला धरून खाली आणलं. तिला काही झालं नाही. पण भिंतीवर टांगलेल्या एक्स्टिंग्विशरची पिन आधी ओढायची असते, हे फर्स्ट इयरपासून फायनल इयरपर्यंत आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. आम्ही भावी इंजिनिअर, आणि मावशी चौथी शिकलेल्या!

पुढे बरेच दिवस मी ती गोष्ट कुणाला सांगितली नाही. मग लायब्ररीत बेंजामिन फ्रँकलिनचं आत्मचरित्र हाती लागलं. शाळेत आम्हाला फ्रँकलिन म्हणजे पतंग आणि वीज एवढाच शिकवलेला. हा माणूस खांद्यावर कातडी बादल्या घेऊन शेजाऱ्यांच्या आगी विझवायला धावायचा, हे मला मुळीच माहीत नव्हतं. त्याचं आयुष्य आगीच्या बाजूने वाचलं की वेगळंच दिसतं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ चा, बॉस्टनचा. वडील जोसाया मेणबत्त्या आणि साबण बनवायचे. चरबी वितळवायची, वाती कापायच्या, साचे भरायचे, हा घरचा धंदा. जोसायांना एकूण १७ मुलं. त्यांत बेंजामिन पंधरावा आणि मुलग्यांत सर्वांत धाकटा. तो पाच वर्षांचा असताना, १७११ मध्ये, बॉस्टनला मोठी आग लागून सुमारे शंभर घरं जळाली. त्या काळी स्वयंपाक चुलीवर, ऊब शेकोटीची, उजेड मेणबत्तीचा आणि घरं बरीचशी लाकडाची. तेव्हा एका घराची आग ही सगळ्या आळीची आग असायची.

शाळा त्याला जेमतेम दोन वर्षं मिळाली. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या दुकानात बसला. त्याला ते काम अजिबात आवडत नव्हतं. बाराव्या वर्षी थोरला भाऊ जेम्स याच्या छापखान्यात तो उमेदवार म्हणून लागला. भावाचा हात सैल, याचा स्वभाव तिखट, त्यामुळे रोजची भांडणं. शेवटी सतराव्या वर्षी, १७२३ मध्ये, तो पळून फिलाडेल्फियाला आला. पुढे लंडनला जाऊन सुमारे दीड वर्ष छापखान्यात काम करून आला, १७२८ मध्ये स्वतःचा छापखाना काढला आणि वर्षभरात पेनसिल्व्हेनिया गॅझेट हे वर्तमानपत्र चालवायला घेतलं. आपल्याकडे कुणाला एटीकेटी लागली तरी घरी सुतक असतं. हा तर दोन यत्ता शिकलेला मुलगा!

पण त्याची खरी हुशारी मला दुसऱ्याच ठिकाणी दिसली. १७२७ मध्ये त्याने जुंटो नावाचं एक मित्रमंडळ काढलं होतं. दर शुक्रवारी संध्याकाळी जमायचं आणि चर्चा करायची. सभासद कोण? छापखान्यातले कामगार, काचा बसवणारा, चांभार, जमीन मोजणारा. कुणीही सरदार-दरकदार नाही. या मंडळींनी आपापली पुस्तकं एकत्र ठेवून बघितली, आणि त्यातूनच पुढे १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं ग्रंथालय निघालं. तेव्हा फ्रँकलिन एक गोष्ट शिकला. कुठलंही सार्वजनिक काम स्वतःची कल्पना म्हणून पुढे केलं की लोक मागे सरतात. तेच काही मित्रांनी मिळून ठरवलंय असं सांगितलं की लोक येतात. (आपल्या गॅदरिंगच्या कमिटीने हे जरूर लक्षात घ्यावं!)

आता आगीकडे येऊ. १७३० मध्ये फिलाडेल्फियाच्या नदीकाठच्या धक्क्यावर आग लागली. गोदामं गेली, जवळची घरं गेली. त्या रात्री वारा फारसा नव्हता. चांगले बंब आणि साहित्य असतं तर आग पसरलीच नसती, असं मत गॅझेटमध्ये छापून आलं. त्यानंतर शहराने बंब आणि बादल्या मागवल्या. पण नुसतं साहित्य आणून काय होतं? ते आमच्या हॉस्टेलच्या भिंतीवरही होतंच की!

तेव्हाचा बंब कसा चालायचा हे मेकॅनिकलवाल्यांनी लक्ष देऊन वाचा. चाकांवर लाकडी हौद आणि त्यात हाताने चालवायचे पंप. दोन्ही बाजूंना लांब दांडे. माणसं समोरासमोर उभी राहून ते दांडे आळीपाळीने खाली दाबायची. लंडनच्या रिचर्ड न्यूशॅमचे बंब तेव्हा नावाजलेले होते. त्यांत हवेची एक बंद टाकी असायची, म्हणजे पाण्याची धार तुटक न येता सलग यायची. फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये रेसिप्रोकेटिंग पंपावरचं एअर व्हेसल आपण बघतो ना, तेच हे. व्हायवाला मला त्याचा उपयोग सांगता आला नव्हता, आता जन्मभर विसरणार नाही. पण त्या हौदात पाणी आणायचं कसं? नळ नाहीत, लांब पाइप नाहीत. विहिरीपासून बंबापर्यंत माणसांची रांग. एका रांगेतून भरलेल्या बादल्या पुढे, दुसरीतून रिकाम्या मागे. म्हणजे बंबाची खरी ताकद दांड्यात नाही, रांगेत. रांग तुटली की बंब कोरडा.

हे ओळखून फ्रँकलिनने आगी कशा लागतात आणि कशा टाळाव्यात यावर एक निबंध लिहिला. आधी तो जुंटोमध्ये वाचण्यासाठी होता. मग फेब्रुवारी १७३५ मध्ये, एका म्हाताऱ्या नागरिकाचं पत्र असं सोंग घेऊन, त्याने याच विषयावर आपल्या गॅझेटमध्ये लिहिलं. सूचना अगदी घरगुती. एका खोलीतून दुसरीत निखारे न्यायचे तर उघड्या फावड्यावर नेऊ नका, झाकणाच्या भांड्यातून न्या. धुराडी साफ करणाऱ्यांना परवाना द्या, आणि साफ केल्यावर थोड्याच दिवसांत धुराडं पेटलं तर दंड त्यांच्याकडून घ्या. बॉस्टनमध्ये आगीच्या वेळी एकमेकांना मदत करणारी मंडळं आहेत, तशी इथेही हवीत. उपचारापेक्षा आधीची खबरदारी कितीतरी स्वस्त, हा त्या पत्राचा सारांश.

आणि इथेच त्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट येते.

१७३० मध्ये त्याने डेबोरा रीडशी संसार थाटला होता. १७३२ मध्ये त्यांना मुलगा झाला, फ्रान्सिस. त्या काळी देवीची साथ आली की मुलं पटापट जायची. जेन्नरची लस निघायला अजून साठेक वर्षं होती, पण देवी टोचून घेण्याची एक जुनी पद्धत होती. तिच्यात धोका होता, पण खऱ्या रोगापेक्षा खूप कमी. फ्रँकलिन लहान असताना भाऊ जेम्सचं वर्तमानपत्र टोचण्याच्या विरोधात होतं. मोठा झाल्यावर मात्र फ्रँकलिनने आकडे बघितले, त्याला ते पटलं आणि गॅझेटमधून त्याने टोचण्याच्या बाजूने लिहिलं. फ्रान्सिसलाही टोचायचं ठरलं होतं. पण तो बरेच दिवस जुलाबांनी आजारी होता. अंगात थोडी ताकद येऊ दे, मग टोचू, असं करत दिवस गेले. २१ नोव्हेंबर १७३६ ला देवीने तो गेला. वय चार वर्षं आणि एक महिना.

शहरात बोलवा उठली की पोरगा टोचल्यामुळेच मेला. त्या दुःखात फ्रँकलिनने डिसेंबरअखेरीस वर्तमानपत्रात निवेदन छापलं, की तो टोचल्यामुळे गेला नाही, टोचलं नव्हतं म्हणून गेला. इतर आईबापांनी घाबरून टोचणं टाळू नये, एवढ्यासाठी. म्हातारपणी आत्मचरित्र लिहितानाही ही खंत त्याला सोडत नव्हती.

खबरदारी घ्या म्हणून सगळ्या गावाला सांगणारा माणूस स्वतःच्या घरात थोडा उशिरा पडला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. त्याला माहीत होतं. मलाही माहीत होतं. शेजारच्या खोलीत कोण झोपलंय ते.

७ डिसेंबर १७३६ ला, म्हणजे मुलगा गेल्यावर सोळा दिवसांनी, युनियन फायर कंपनीच्या करारावर २० जणांनी सह्या केल्या. कंपनी म्हणजे धंदा नव्हे, स्वयंसेवकांचं मंडळ. पगार नाही, गणवेश नाही. मंडळाची तयारी आधीपासून चालू असणार, मुलाच्या जाण्याशी तिचा संबंध जोडायचा मला अधिकार नाही. पण त्या करारातली कलमं वाचली की वाटतं, माणसाचं माहीत असणं आणि वेळेवर करणं यांच्यात जी दरी असते, ती बुजवण्यासाठीच ही एकेक ओळ लिहिली आहे.

कलमं अशी. प्रत्येक सभासदाने स्वतःच्या खर्चाने दोन कातडी बादल्या आणि जाड कापडाच्या चार मोठ्या पिशव्या तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी, आणि पिशव्या घरातलं सामान भरून बाहेर काढण्यासाठी. सगळ्यांवर स्वतःचं नाव आणि कंपनीचं नाव. आगीच्या गडबडीत चोरही मदतीला यायचे, म्हणून काही सभासदांनी सामान भरायचं आणि काहींनी दारात पहारा करायचा. रात्री आगीची हाक आली की खिडकीत दिवे लावायचे, म्हणजे अंधारात गोंधळ होणार नाही. ज्यांच्या घराला धोका असेल त्यांनी प्रत्येक खोलीत मेणबत्ती ठेवायची. बादली जागेवर नसेल तर दंड. महिन्याला एकदा संध्याकाळी जमायचं, आगीबद्दलचे आपापले अनुभव आणि कल्पना सांगायच्या. गैरहजर राहिल्यास दंड. आणि त्या दंडाच्या पैशांतून शिड्या, आकडे, बंब घ्यायचे. म्हणजे आळशी सभासदाचाही मंडळाला उपयोगच! आकडे कशाला, तर जळतं लाकूड आणि छपराचे तुकडे ओढून पाडायला, म्हणजे आग पुढे सरकत नाही.

मला सगळ्यात आवडलेलं कलम शेवटचं. एखादा सभासद वारला, तर त्याच्या विधवेच्या घराला आगीच्या वेळी तीच मदत मिळायची, जशी नवरा जिवंत असताना मिळाली असती. फक्त तिने बादल्या आणि पिशव्या तयार ठेवायच्या. तिच्यावर दया दाखवली नाही, तिला सभासदासारखंच धरलं.

कंपनीत यायला इतके लोक तयार झाले की सगळ्यांना घेणं शक्य नव्हतं. त्यांना दुसरी कंपनी काढायला सांगितलं. मग फेलोशिप, हँड-इन-हँड, हार्ट-इन-हँड अशा एकामागून एक निघाल्या. पन्नास वर्षांनी फ्रँकलिनने अभिमानाने लिहून ठेवलं, की तेव्हापासून शहरात एका वेळी एकदोनपेक्षा जास्त घरं जळाली नाहीत. तोवर मूळ सभासदांपैकी तो आणि त्याच्याहून वर्षाने मोठा एक जण, असे दोघेच उरले होते.

यानंतरचं त्याचं काम तुम्हाला शाळेत शिकवलेलं आहे. पण आता ते याच धाग्यात ओवून बघा. १७४२ च्या सुमारास त्याने लोखंडी शेगडी तयार केली. कमी लाकडात जास्त ऊब आणि ठिणग्या खोलीत उडण्याची भीती कमी. गव्हर्नरने पेटंट देऊ केलं, त्याने नाकारलं. १७५२ मध्ये आगीचा विमा करणारी परस्पर सहकार्याची संस्था निघाली, फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्युशनशिप. तिची चर्चा आधी युनियन फायर कंपनीतच झाली होती. विमा देण्याआधी घर तपासायचं, धोका जास्त तर हप्ता जास्त. एकमेकांची मनगटं धरलेले चार हात ही तिची खूण, आणि ती संस्था आजही चालू आहे.

त्याच वर्षी पतंगाचा प्रयोग झाला. वीज म्हणजे देवाचा कोप नसून विद्युत आहे, एवढं सिद्ध करून तो थांबला नाही. १७५३ च्या आपल्या पंचांगात त्याने सामान्य माणसाला कळेल अशी कृती छापली. लोखंडी सळईचं एक टोक तीन-चार फूट ओल्या जमिनीत, दुसरं इमारतीच्या सर्वांत उंच भागाच्या सहा-आठ फूट वर. याचंही पेटंट घेतलं नाही. पतंग हा आगीपासून घर वाचवण्याच्या कामातलाच एक टप्पा होता, हे कळल्यावर मला शाळेतलं ते चित्र पहिल्यांदा नीट समजलं.

पुढे तो राजकारणात गेला. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, फ्रान्सची मदत, १७८३ चा तह, १७८७ ची राज्यघटना, या सगळ्यांत तो होता. तो लंडनमध्ये असताना १७७४ मध्ये डेबोरा इकडे एकटीच वारली. मोठा मुलगा विल्यम इंग्लंडच्या बाजूने राहिला आणि बापलेकांत कायमची फूट पडली. आणि हेही सांगायला हवं, की याच फ्रँकलिनच्या घरी गुलाम होते. उतारवयात त्याचं मत पालटलं. १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये गुलामगिरीविरुद्धच्या अर्जावर सही करून तो त्याने काँग्रेसकडे पाठवला. इथेही उशीरच झाला. पण आता काय उपयोग, असं म्हणून तो गप्प बसला नाही.

१७८५ मध्ये फ्रान्सहून परत आल्यावर ऐंशीच्या घरात त्याने आपलं घर वाढवलं. फळ्यांना खालून गिलावा, एका खोलीचं लाकूडकाम दुसरीला जोडलेलं नाही, आणि छपरावर जायला झडपेची दारं, म्हणजे शेजारी आग लागली तर छप्पर ओलं करता येईल. त्याच सुमारास त्याच्या लक्षात आलं की घरावरच्या विजेच्या सळईचं नऊ इंची तांब्याचं टोक जवळजवळ पूर्ण वितळून गेलं आहे. तो परदेशी असताना कधीतरी वीज पडली होती आणि घर शाबूत राहिलं होतं!

१७ एप्रिल १७९० ला, ८४ व्या वर्षी तो गेला. त्याच्या अंत्ययात्रेला सुमारे २०,००० माणसं आली होती.

स्वयंसेवी कंपन्यांचं पुढे सगळंच चांगलं झालं असं नाही. एकोणिसाव्या शतकात आगीवर आधी कोण पोचतो यावरून त्यांच्यात मारामाऱ्या व्हायला लागल्या, आणि १८७१ मध्ये फिलाडेल्फियाने पगारी अग्निशमन दल सुरू केलं. पण लहान गावांतून ती पद्धत टिकली. आजही अमेरिकेतले बहुसंख्य अग्निशामक स्वयंसेवकच आहेत.

आपल्याकडे १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन या जहाजावर स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. फ्रँकलिनची पुण्यतिथी त्याच आठवड्यात येते, हा निव्वळ योगायोग. पण सबमिशनच्या धांदलीत या आठवड्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही.

या वर्षी आमच्या मजल्यावर आम्ही एक कागद केला आहे. फार काही नाही. प्रत्येकीकडे टॉर्च. प्रत्येकीच्या नावापुढे एका दाराचा नंबर, धूर दिसला की ते दार आधी वाजवायचं आणि मगच जिना उतरायचा. खाली गेल्यावर हजेरी कोण घेणार, तिचं नाव. लाल बादलीत कचरा टाकला तर दहा रुपये दंड. महिन्यातून एका रविवारी एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्यात आहे का ते बघायचं, आणि विसरलं तर पुन्हा दहा रुपये. आतापर्यंत सत्तर रुपये जमलेत (त्यातले वीस माझेच!). कागदावर सोळा सह्या आहेत. पहिली सही मावशींची घेतली.

माझ्या नावापुढे नंबर आहे तो शेजारच्याच दाराचा.

तुमच्या मजल्यावर लाल बादली कुठे आहे, हे हा लेख न बघता सांगता येईल? नसेल येत, तर हा अंक खाली ठेवा आणि आधी बघून या.